छातीला लावायचा कापूर

दिवाळी उरकली की आमच्या दुकानातलं कापराचं गिऱ्हाईक बदलतं. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत येणाऱ्याला आरतीसाठी वड्यांचं पाकीट हवं असतं. तो भाव विचारतो, पैसे टेकवतो आणि जातो. पुढे थंडी पडते, निफाडचा पारा एक आकड्यावर आल्याची बातमी पेपरात येते, आणि काउंटरवरचे प्रश्न वेगळे होतात. "भाऊ, छातीला लावायला कोणता कापूर?" "काका, बाळाच्या गळ्यात पुरचुंडी बांधायचीय." "आईचं नाक रात्रभर चोंदलेलं असतं, हुंगायला काहीतरी द्या ना." हे गिऱ्हाईक भावाची घासाघीस करत नाही. त्याच्या घरात कोणीतरी रात्रभर जागलेलं असतं.

आमचं दुकान पंचवटीत, कपालेश्वराकडून रामकुंडाकडे उतरताना लागणाऱ्या एका गल्लीत आहे. वडिलांनी थाटलेलं. पुढच्या बाजूला पूजासाहित्य, मागच्या फळ्यांवर काष्ठौषधी. मी आरवायके कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि गल्ल्यावर बसलो. शिकलेलं वाया गेलं असं मला कधीच वाटलं नाही. मागच्या फळ्यांवरच्या निम्म्या बरण्यांमध्ये काय आहे ते मला त्या शिक्षणामुळेच कळतं, आणि त्यातही कापराबद्दल जितकं मन लावून मी वाचलं तितकं दुसऱ्या कशाबद्दल वाचलं नाही. थंडीत रोज तीच उत्तरं तोंडी द्यावी लागतात. गर्दीत अर्धी राहून जातात, आणि राहून जाणारी अर्धीच जास्त महत्त्वाची असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कोणता कापूर ते. दुकानात मुख्य प्रकार दोन: वड्या आणि खडे. खड्यांना सगळे भीमसेनी म्हणतात. जुन्या वैद्यांचा भीमसेनी, ज्याला बरासही म्हणत, तो सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलातल्या एका उंच झाडाच्या खोडात, लाकडाच्या फटींत साठलेला सापडायचा. रसायनाच्या हिशेबाने तो आपला नेहमीचा कापूर नव्हेच, ते बोर्निओल. नेहमीचा कापूर चीन, तैवान, जपान या भागातल्या कापूरवृक्षाचा. लाकडाच्या ढलप्या करायच्या, त्यांतून वाफ सोडायची आणि वाफेबरोबर आलेला कापूर थंड करून गोळा करायचा. तैवानचा कापूर एके काळी इतका मोलाचा होता की तिथल्या जपानी राजवटीने १८९९ मध्ये त्याच्या व्यापाराची मक्तेदारीच सरकारकडे घेतली. पुढे १९०३ मध्ये फिनलंडच्या गुस्ताफ कोम्पा यांनी प्रयोगशाळेत कापूर घडवला. आज आपल्या बाजारात येणारा बहुतेक कापूर कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतो. टर्पेंटाइन निघतं चीड-पाइनच्या राळेतून. म्हणजे मुळाशी झाड आहेच, फक्त ते कापराचं नाही.

मग खडा घ्यायचा की वडी? हुंगायला किंवा तेलात घालायला मी खडे देतो. ते साच्यात दाबलेले नसतात, आणि स्वस्त वड्यांत बांधणीसाठी कधी कधी जे घातलेलं असतं ते त्यांत नसतं. चांगला कापूर जळाला की मागे काही उरत नाही. ताटलीत मेणचट डाग किंवा पांढरी राख राहिली तर ती वडी आरतीलाही नको आणि छातीलाही नको. "हा खरा सुमात्राचा आहे का हो?" असं कोणी विचारलं तर मी "नाही" म्हणून सांगतो. भीमसेनी हे नाव चालत आलंय. ते झाड आपल्या बाजारात राहिलेलं नाही.

कापूर सुमारे १७५ अंशांच्या पुढे वितळतो, पण त्याला तोवर थांबावं लागत नाही. खोलीतल्या साध्या उबेत तो घनाचा थेट वायू होतो, मध्ये पाणी होत नाही. नाकाला तो इतक्या लवकर कळतो तो यामुळेच, आणि डबीतून गुपचूप नाहीसा होतो तोही यामुळेच. आमच्या आजीच्या कापराच्या डबीत चार मिरे असायचेच. मिऱ्यांमुळे कापूर उडत नाही असं ती सांगे. मी गिऱ्हाइकाला घट्ट झाकणाची काचेची बाटली घ्यायला सांगतो. आजीसाठी मिरेही घाला, पण झाकण घट्ट हवं.

आता मुख्य गोष्ट. कापूर चोंदलेलं नाक उघडत नाही.

हे तोंडावर सांगितलं की लोक चमकतात, हा स्वतःच्याच मालाला नावं का ठेवतोय म्हणून. मी नावं ठेवत नाही. सर्दीत नाक बंद होतं त्यात शेंबडाचा वाटा असतो, पण मोठा वाटा आतल्या सुजेचा असतो. नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. कापराच्या वासाने ती सूज उतरत नाही. १९८३ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. त्यांनी लोकांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ हुंगायला दिली आणि नाकातून हवा जाताना होणारा अडथळा यंत्रावर मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला. मात्र त्याच लोकांना काय वाटतंय ते विचारलं, तर बहुतेकांनी सांगितलं की नाकात गार वाटतंय आणि हवा मोकळी येतेय.

हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. यंत्र म्हणतं ते खरं, आणि "कापराने मोकळं वाटतं गं बाई" असं आमची आजी म्हणायची तेही खरं. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपण श्वास घेतोय हे आपल्याला कळतं कसं? नाकात हवा मोजणारं वेगळं काही नाही. हवा आत येताना नाकाचं अस्तर किंचित गार होतं. तो गारवा टिपणारे बारीक तंतू तिथे असतात, ते ट्रायजेमिनल नावाच्या चेहऱ्याच्या नसेचे. वासाची नस वेगळी, ही वेगळी. गारवा कळला की मेंदू समजतो, हवा येतेय. सर्दीत वाट अरुंद झाली की हवा कमी येते, गारवाही कमी लागतो आणि जीव घाबरा होतो. मेंथॉल आणि कापूर त्या गारवा ओळखणाऱ्या तंतूंना थेट छेडतात. हवा तेवढीच, पण मेंदूला निरोप जातो की भरपूर येतेय. कापराचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. उष्णता ओळखणाऱ्या तंतूंनाही तो जागं करतो. म्हणून तोच कापूर नाकात गार लागतो आणि तेलात घालून छातीवर चोळला की ऊब देतो. शरीराला उष्ण-गार कळतं कसं, या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ती बातमी मी दुकानात बसून वाचली, तेव्हा समोर कापराची बरणी होती.

मग नुसतं वाटण्याला काय किंमत? माझ्या मते खूप. रात्री दोन वाजता नाक बंद असलेल्या माणसाला झोप हवी असते, आणि गुदमरल्यासारखं वाटणं हीच झोपेच्या आड येणारी गोष्ट असते. २०१० मध्ये अमेरिकेत दोन ते अकरा वर्षांच्या १३८ सर्दी-खोकल्याच्या मुलांवर एक अभ्यास झाला. काहींच्या छातीला-गळ्याला कापूर, मेंथॉल, निलगिरीचं मलम लावलं, काहींना नुसतं पेट्रोलियम जेली लावलं, काहींना काहीच लावलं नाही. कापराच्या मलमाची मुलं त्या रात्री अधिक चांगली झोपली, आणि त्यांचे आईबापही. काही मुलांना कातडीची, डोळ्यांची चुरचुर झाली, तीही त्यात नोंदली आहे. सर्दी बरी झाली असं कोणी म्हटलेलं नाही. रात्र पार पडली.

हे वाटणं आणि प्रत्यक्ष हवा यांतला फरक मला पुस्तकातून कळला होता, पण अंगावर आला तो २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्या मार्चच्या शेवटी पोटलीची गर्दी सुरू झाली. कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीचे थेंब रुमालात बांधून हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो, असा निरोप फोनाफोनी फिरत होता. गल्लीत अंतर ठेवून रांग लागायची. ऑक्सिजन हा शब्द त्या एप्रिलमध्ये नाशिककरांनी कसा ऐकलाय, ते मला इथे सांगायची गरज नाही. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'पोटलीने ऑक्सिजन वाढत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्या.' काही माणसं वाचून चिडली. एक ताई म्हणाल्या, "दादा, निदान आशा तरी राहू द्या." मी त्यांना म्हटलं, "ताई, हुंगा, बरं वाटेल. पण बरं वाटलं म्हणून आकडा बघायचं सोडू नका."

ऑक्सिजन रक्तात शिरतो तो फुप्फुसांच्या तळाशी, वायुकोशांत. कापराचं काम चालतं नाकाच्या अस्तरात आणि कातडीवर. या दोन जागांमध्ये बरंच अंतर आहे. त्या आजारात तर असंही होत होतं की रक्तातला ऑक्सिजन खाली आलेला असायचा आणि माणसाला फारशी धाप जाणवत नसायची. अशा वेळी नाकाला गारवा देऊन 'हवा छान येतेय' असं वाटायला लावणारी वस्तू आधार देतेच, पण धोक्याची घंटा दाबूनही टाकू शकते. थंडीत कोणाचं ओठ-नखं निळसर दिसतायत, बोलताना वाक्य पुरं होत नाहीये, मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जातायत, असं असेल तर माझ्याकडे येऊ नका, थेट दवाखान्यात जा. दुकानात अशी माणसं आली की मी कापूर बांधून देत नाही, रिक्षा थांबवून देतो.

एप्रिलमध्ये मीही पडलो. ताप उतरला, घरी विलगीकरणात होतो, आणि एका सकाळी लक्षात आलं की चहाला वास नाही. साबणाला नाही, फोडणीला नाही. आयुष्य ज्याचं वासांत गेलं त्याला हे कसं वाटलं असेल ते ओळखता येईल. बायकोने दाराबाहेर कापराची बाटली ठेवली. उघडून नाकाशी नेली. वास शून्य. पण नाकात वरपर्यंत, दोन भुवयांच्या मध्ये, गार कळ उठली. वास नसताना कापूर होता. मी बाटली बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा तेच. नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी समजावलं की वासाची नस मंदावली तरी ती दुसरी, चेहऱ्याची नस शाबूत असते, आणि कापूर दोन्हींना हात घालतो. म्हणूनच वास येतो की नाही हे तपासायला कापूर बरोबर नाही. त्यासाठी कॉफीसारखं काही घेतात, जे फक्त वासाच्याच नसेला कळतं.

त्याच डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक थोडा वेळ, बारा आठवडे. हुंगताना त्या वासाची आठवण मनात आणायची. चारही वस्तू माझ्याच फळ्यांवर होत्या. सगळ्यात आधी लवंग परतली, तीही अर्धवट. मध्ये बरेच दिवस असे गेले की उदबत्ती लावली की रबर जळाल्याचा वास यायचा. कापराचा पूर्ण वास परत आला तेव्हा कळलं, आजवर मी ज्याला कापराचा वास म्हणत होतो तो खरं तर दोन गोष्टींचा जोड होता: एक वास आणि एक स्पर्श. दोन्ही एकत्र येत असल्यामुळे ते वेगळे आहेत हे कधी कळलंच नव्हतं.

आता घरी करायच्या गोष्टींकडे येतो. माझ्या सगळ्यात आवडीची अमृतधारा. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल, आणि कापूर. तिन्ही घन, पांढरे, कोरडे. समभाग घेऊन काचेच्या बाटलीत टाका आणि हलवत राहा. पाणी नाही, विस्तव नाही, तरी थोड्या वेळात बाटलीत पारदर्शक तेलकट द्रव दिसायला लागतो. वडील हे काउंटरवर गिऱ्हाइकासमोर करायचे, आणि शाळेतून येताना थांबलेली पोरं तोंड उघडं टाकून बघायची. घन पदार्थाचे कण आपापल्या ठरलेल्या रचनेत बसलेले असतात. वेगवेगळे कण एकमेकांत मिसळले की कोणालाच आपली रचना जुळवता येत नाही, मिश्रणाचा वितळणांक खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो आणि सगळं वितळतं. कॉलेजात याला युटेक्टिक मिश्रण म्हणून शिकवलं, तेव्हा वर्गात बसून मला वडिलांची बाटली दिसत होती. अमृतधारेचा एक थेंब रुमालाच्या कोपऱ्यावर टाका, रुमाल नाकापासून थोडा लांब धरा, झालं. बोटाने नाकात लावू नका. थायमॉल भाजतं. पोटदुखीला बत्ताशावर थेंब घेणारे पुष्कळ आहेत, पण पोटात घ्यायचं ते वैद्याला विचारूनच, आणि मुलांना तर नाहीच.

छातीला लावायचं तेल आणखी सोपं. थंडीत आपल्याकडे खोबरेल थिजतं, म्हणून मी तिळाचं तेल सुचवतो. शंभर ग्रॅम तेल कोमट करा, गॅस बंद करा, भांडं शेगडीपासून लांब न्या आणि मग पाच ग्रॅम कापराचे खडे कुस्करून घाला. गॅस चालू असताना नको, कारण कापराची वाफ पेट घेते. हे झालं साधारण पाच टक्के. अमेरिकेत औषधी मलमांसाठी कापराची मर्यादा ११ टक्के आहे, तिच्या निम्म्याहून कमी. 'जास्त घातला तर जास्त गुण' असं यात नाही, जास्त घातला तर कातडी भाजते. छातीला, पाठीला, तळपायांना लावा. नाकाच्या आत, ओठांवर, जखमेवर, फुटलेल्या कातडीवर लावू नका. गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारावं, कारण कापूर रक्तावाटे गर्भापर्यंत जातो.

वाफारा घेताना पाण्यात कापूर टाकतात, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. टाकायचाच तर ज्वारीच्या दाण्याएवढा, पातेलं गॅसवरून उतरवून खाली ठेवल्यावर, आणि डोळे मिटून. कापूर पाण्यात फारसा विरघळत नाही, तो वर तरंगतो आणि आपोआप गिरक्या घेतो. आमच्या काउंटरवरच्या पितळी वाटीत पोरांना हा खेळ दाखवायला मला फार आवडतं. पाण्यावर तेलाचा पुसटसा तवंग आला तरी त्या गिरक्या थांबतात. लॉर्ड रेली या मोठ्या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये त्या थांबवायला किती कमी तेल पुरतं तेच मोजलं होतं.

जिभेलाही कापूर ठाऊक आहे. तेरा वस्तू घातलेल्या त्रयोदशगुणी विड्यात कापूर असतो, पण तो दिसणारही नाही इतका. आणि तो खाण्यासाठी म्हणून वेगळा मिळतो तोच. पूजेच्या पाकिटातला कापूर तोंडात घालायचा नाही, कितीही शुद्ध लिहिलेलं असो.

आणि इथून पुढचं सगळ्यात काळजीने वाचा.

मागच्या थंडीत दिंडोरीकडच्या एक आजी आल्या. "भाऊ, नातवाला सर्दी झालीय, गळ्यात बांधायला कापूर-ओवा दे." मी विचारलं, "आजी, बाळ केवढं?" म्हणाल्या, "सवा महिन्याचं." मी हात जोडले आणि कापूर दिला नाही. त्या रागावल्या. "माझी सगळी लेकरं यावरच वाढली." त्यांची लेकरं वाढली यात शंका नाही. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कापूर नको, ना छातीला, ना गळ्यात, ना उशीखाली. इतक्या लहान बाळाच्या नाकाशी असा उग्र वास आला तर त्याचा श्वासच अडकू शकतो. शिवाय दोरीचा फास बसायची भीती, आणि पुरचुंडी तोंडात जायची भीती. आजींना मी शेजारच्या मेडिकलमध्ये पाठवलं, बाळाच्या डॉक्टरांना फोन करून नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब विचारा म्हटलं. बाळाचं नाक मोकळं करायला तेच लागतं, त्याला अंगावरची ऊब आणि दूध लागतं.

कापूर पोटात गेला तर तो विष आहे. लहान मुलाच्या पोटात ग्रॅमभर गेला तरी जीव जाऊ शकतो. काही मिनिटांत आकडी येते. उलटी करवू नका, वाट पाहू नका, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. कापराने आकडी येते हे इतकं पक्कं ठाऊक होतं की १९३४ मध्ये बुडापेस्टला लादिस्लास मेदुना या डॉक्टरांनी मानसिक आजारावर उपचार म्हणून मुद्दाम आकडी आणायला कापराचंच तेल टोचलं होतं. अशी वस्तू आपण देव्हाऱ्याखालच्या उघड्या फडताळात, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला येईल अशी ठेवतो. ती वर ठेवा. घरातले सगळे दाराबाहेर पडायच्या आत, आजच वर ठेवा.

दुसरी गोष्ट डांबरगोळ्यांची. त्याही पांढऱ्या, त्यांचाही वास उग्र, त्याही हळूहळू उडून जातात. घाईत बरणी चुकते. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन, ती हुंगायची वस्तूच नाही. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एक विकर कमी असतं, त्यांना नॅप्थलीनचा संपर्क झाला तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. येवल्याची पैठणी ट्रंकेत ठेवताना डांबरगोळ्या घातल्या असतील, तर ती नेसून तान्ह्या बाळाला घ्यायच्या आधी दिवसभर वाऱ्यावर टाका. बाळाचे जुने झबले-टोपरे ट्रंकेतून काढले तर धुऊन, उन्हात वाळवून मगच घाला. दुकानात मी या दोन बरण्या दोन वेगळ्या भिंतींना ठेवल्या आहेत.

आरतीच्या कापराबद्दलही लोक विचारतात, धूर औषधी असतो ना म्हणून. कापूर जळताना काजळी सोडतो, ज्योतीवर चमचा धरून बघा, लगेच काळा होतो. जळाल्यावर तो कापूर राहत नाही, त्यामुळे ज्योतीतून नाकाला गारवा वगैरे मिळत नाही. रामकुंडावर संध्याकाळी उघड्या घाटावर होणारी आरती वेगळी आणि दारं-खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये दमेकऱ्याच्या खाटेशेजारी जाळलेली वाटीभर वडी वेगळी. आरती करा, खिडकी उघडा. ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावतो त्यात मला मायाच दिसते, फक्त काजळी डोळ्यांत जाऊ देऊ नका. हल्ली विजेवरच्या कापूरदाण्या निघाल्यात, त्यांत ज्योत नसते, म्हणून धूरही नाही. पण त्यात एक लहान खडा पुरतो, आणि झोपायच्या आधी ती बंद करायची.

कापराच्या पेट घेण्यावरून एक गोष्ट आठवते, थोडी आडवाटेची आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला दादासाहेब फाळके जन्मले. त्याच वर्षी अमेरिकेत हायट यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड बनवण्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याच सेल्युलॉइडच्या फिती कॅमेऱ्यात गेल्या. फाळक्यांनी ज्या फितींवर चित्रं घेतली त्या फितींतही कापूर होता. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात गेलो की मला हे हटकून आठवतं, आणि बरोबर असतील त्यांना मी ते सांगतोच.

शेवटी दम्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. म्हसरूळहून एक काकू दर थंडीत येतात. जुना दमा आहे, डॉक्टरांनी पंप दिलाय. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की पंपाची सवय लागते, कापूर हुंगत जा. मी त्यांना म्हटलं, "काकू, पंप श्वासनळीत जातो, आवळलेली नळी तोच मोकळी करतो. कापूर तिथे काही करत नाही." त्या जरा हिरमुसल्या. "मग कापूर सोडून देऊ का रे?" मी विचारलं, कापराने खोकला वाढतो का, छाती घट्ट होते का? काही दमेकऱ्यांना कुठलाही उग्र वास सोसत नाही, त्यांनी कापरापासून लांबच राहायचं. काकूंना तसं होत नव्हतं, उलट झोप लागायची. मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि काहीही झालं तरी पंप चुकवू नका.

पुढच्या खेपेला त्या डॉक्टरांकडून परवानगी घेऊनच आल्या. रात्री आधी पंप, मग गुळण्या, मग उशाशी कापराचा रुमाल, असा त्यांनी क्रम लावलाय. डॉक्टरांनी पंपाचा डोस लिहिलेल्या चिठ्ठीच्याच खाली त्यांनी आपल्या हाताने लिहिलं होतं, 'कापूर – लहान खडा.' ती चिठ्ठी काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "बघ, आता रीतसर दे."